हिरव्या स्मूदीत जवस घाल की

अगं, नुसतं पालक, काकडी नि पाणी फिरवून प्यायलीस म्हणून अकराच्या आत भूक लागायल्या तुला. पालकातलं बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन के अंगाला लागायला सोबत थोडं तरी फॅट पाहिजेच. त्यासाठी अव्होकाडो शोधत बेळगावभर फिरू नकोस, चटणीला आणतो ते जवस घरात हाय की, मंद आचेवर जरा भाजून गार झाल्यावर बारीक पूड कर नि ग्लासाला एक चमचा, बस्स. अख्खं टाकलंस तर तसंच पोटातून बाहेर पडतंय. पूड आठवड्यापुरतीच कर, घट्ट झाकून फ्रिजात ठेव, मी एकदा महिन्याची करून ठेवलेली, झाकण उघडलं तर खवट वास, सगळी टाकावी लागली, लई जीव हळहळला.

कधी मूठभर भिजवलेले शेंगदाणे घाल, नाहीतर ओलं खोबरं, चव छान येत्या पण खोबऱ्यात सॅच्युरेटेड फॅट जास्त म्हणून मी रोज घालत नाही. आणि केलीस की लगेच पी, ठेवलीस तर जवसानं बुळबुळीत घट्ट होत्या. सासऱ्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय म्हणालीस न्हवं, त्यांना द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारच, पालकात व्हिटॅमिन के भरपूर असतंय, त्यानं असल्या काही गोळ्यांचा असर कमी होऊ शकतोय.