गुडघ्यातील गादी फाटल्याचे निदान झाले आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घ्यावी का? याबाबत अलीकडचे संशोधन काय सांगते?

आपण लिहिले आहे की आपले वय ५२ आहे, कोणतीही मोठी दुखापत झालेली नसताना काही महिन्यांपासून गुडघा आतल्या बाजूने दुखतो, एमआरआयमध्ये आतल्या मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, झिजेमुळे चीर पडल्याचे दिसले आहे, आणि तेवढा भाग दुर्बिणीतून काढून टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र अशा शस्त्रक्रियेचा उपयोग होत नसल्याचे सांगितले, आणि आपल्या भाच्याला तर लिगामेंटच्या, म्हणजे हाडे जोडून ठेवणाऱ्या बंधाच्या, दुर्बीण-शस्त्रक्रियेने चांगला गुण आला. या तिन्ही गोष्टींचा मेळ कसा घालायचा, असा आपला प्रश्न आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण माझ्याकडे येतात. व्यायामावर माझा विश्वास आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना आपल्याला ते लक्षात घेता येईल. आपला गुडघा मी तपासलेला नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा लागेल.

आर्थ्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हा सांध्यात शिरण्याचा मार्ग आहे. त्या मार्गाने आत गेल्यावर सर्जन गादीचा फाटका भाग कापतात, गादीला टाके घालतात, नवे लिगामेंट बसवतात की नुसताच सांधा धुऊन काढतात, यावर निकाल ठरतो. म्हणून ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया उपयोगी आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कोणत्या आजारासाठी, कोणत्या वयाच्या रुग्णासाठी आणि कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतात. त्यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही तोच बहुधा विचारला जात नाही.

तुलनेचा मुद्दा अमेरिकेतील ह्यूस्टन येथील सर्जन ब्रूस मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ऐरणीवर आणला. गुडघ्याची झीज झालेल्या १८० रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाचा सांधा आतून साफ केला, दुसऱ्याचा फक्त धुतला, आणि तिसऱ्या गटाच्या गुडघ्यावर केवळ त्वचेला छेद दिले. या तिसऱ्या गटाच्या वेळी सर्जन नेहमीप्रमाणे एकेक अवजार मागून घेत, गुडघा हलवत, सांधा धुतल्यासारखा आवाज यावा म्हणून सलाइनचे पाणी उडवत आणि खऱ्या शस्त्रक्रियेला लागतो तेवढा वेळ रुग्णाला आतच ठेवत. अवजार मात्र सांध्यात जातच नसे. रात्री देखरेख करणाऱ्या परिचारिकांनाही कोणाचे काय झाले आहे हे ठाऊक नव्हते. दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर तिन्ही गटांतील वेदनेत आणि हालचालीत फरक आढळला नाही. पुढे २००८ साली कॅनडातील अभ्यासातही, व्यायाम आणि औषधांच्या जोडीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया केल्याने झिजलेल्या गुडघ्याला जादा लाभ झाला नाही.

आपला प्रश्न मात्र गादीच्या चिरेचा आहे, आणि त्यावर ‘तुमचे रुग्ण झिजेचे होते, आमचा रुग्ण गादीचा आहे’ असा आक्षेप तेव्हा रास्तपणे घेतला गेला. त्याचे उत्तर २०१३ साली फिनलंडमधून आले. क्ष-किरण चित्रात झीज दिसत नसलेल्या, पण आतल्या गादीला आपल्यासारखी चीर असलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांच्या गुडघ्यात प्रथम दुर्बीण घालून निदानाची खात्री करण्यात आली आणि त्यानंतर शस्त्रक्रियागृहातच लिफाफा उघडून कोणाचा फाटका भाग कापायचा हे ठरले. ज्यांचा कापायचा नव्हता त्यांच्या बाबतीत पाते काढलेले शेव्हर (गादी कापण्याचे यंत्र) चालू करून बाहेरून गुडघ्याच्या वाटीवर दाबले जाई, म्हणजे आवाज आणि कंप दोन्ही खऱ्यासारखे जाणवत. वर्षभराने दोन्ही गटांना जवळपास सारखेच बरे वाटत होते. गुडघा मध्येच अडकल्यासारखा होतो अशी तक्रार असलेल्या रुग्णांचे वेगळे विश्लेषण पुढे झाले, तेव्हा त्यांनाही गादी कापल्याचा वेगळा लाभ दिसला नाही. पाच वर्षांनी तपासले तेव्हा क्ष-किरण चित्रावरील झीज वाढलेल्यांचे प्रमाण गादी कापलेल्या गटात ७२ टक्के, तर न कापलेल्या गटात ६० टक्के होते. हा फरक फार मोठा नाही, परंतु तो कोणत्या दिशेने आहे हे मला दुर्लक्षिण्याजोगे वाटत नाही.

शस्त्रक्रियेनंतर खरोखर बरे वाटलेल्या शेकडो रुग्णांचे आणि त्यांच्या सर्जनांचे म्हणणे खोटे आहे, असा याचा अर्थ नाही. रुग्णांना बरे वाटतेच. पण दुखणे सर्वाधिक वाढलेले असते तेव्हाच माणूस शस्त्रक्रियेला तयार होतो, आणि अशा दुखण्याला पुढच्या काही महिन्यांत बहुधा आपोआपच उतार पडतो. त्यात सक्तीची विश्रांती, नंतरचा व्यायाम आणि उपचार झाल्याचा विश्वास यांची भर पडते. गादी कापल्यामुळे यापलीकडे काय मिळाले, हे तुलनेचा गट असल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक अभ्यास मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातील ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांना, गुडघा दुखतो की नाही हे न पाहता निवडून, त्यांचे एमआरआय काढण्यात आले. ५० ते ५९ वयाच्या स्त्रियांत १९ टक्के, तर सत्तरीपुढच्या पुरुषांत ५६ टक्के जणांच्या गादीत बिघाड होता. आणि गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्यात कसलेही दुखणे किंवा आखडलेपण नव्हते. या वयात चीर दिसणे आणि गुडघा दुखणे या दोन्ही गोष्टी इतक्या सर्रास आढळतात की त्या एकाच गुडघ्यात भेटल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे ठरत नाही. आपल्या अहवालात लिहिलेली चीर खरी आहे. आपल्या वेदनेचे मूळ तीच आहे की नाही, हे अहवाल सांगू शकत नाही.

शस्त्रक्रियेऐवजी व्यायाम, अशी थेट तुलनाही झाली आहे. नॉर्वेतील २०१६ च्या अभ्यासात सरासरी पन्नाशीच्या आतबाहेरच्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोन ते तीन वेळा, देखरेखीखाली मांडीच्या स्नायूंची ताकद आणि गुडघ्यावरचा ताबा वाढवणारे व्यायाम केले. दोन वर्षांनी दोन्ही गट बरोबरीत होते. सुरुवातीच्या काळात मांडीची ताकद मात्र व्यायामवाल्यांची सरस होती. नेदरलँड्समधील ३२१ रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासाचा निष्कर्षही याच्याशी जुळणारा आहे. त्याआधी, २०१७ साली, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशीत झिजेच्या गुडघेदुखीसाठी, मग त्यात गादीची चीर असो वा नसो, जवळपास सर्व रुग्णांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये असे ठामपणे म्हटले आहे.

यातला एक बारकावा सांगितला नाही तर चित्र एकतर्फी होईल. अमेरिकेतील ३५१ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात व्यायामाच्या गटातील सुमारे ३० टक्के लोकांनी सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे व्यायाम सर्वांनाच पुरला नाही. परंतु उशिरा शस्त्रक्रिया झालेले हे रुग्ण वर्षअखेरीस इतरांच्या बरोबरीला आलेले दिसले, आणि आपल्या निर्णयासाठी मला हाच भाग सर्वांत उपयोगाचा वाटतो: आधी व्यायाम करून पाहिल्याने शस्त्रक्रियेची संधी हातची जात नाही. उलट कापून टाकलेली गादी परत येत नाही.

आपल्या भाच्याच्या उदाहरणाचे गणितच वेगळे आहे. पुढचे क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघा आतून स्थिर ठेवणारा बंध, तुटल्यावर गुडघा वळताना निसटतो आणि प्रत्येक निसटण्यात गादीला व कूर्चेला नवी इजा होऊ शकते. तिथेही घाईने शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही. स्वीडनमधील १२१ तरुणांच्या अभ्यासात आधी व्यायाम करून गरज पडली तरच शस्त्रक्रिया, या मार्गाने गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत तिची गरजच लागली नाही. मात्र जुन्या दुखापतीनंतर ज्यांचा गुडघा निसटतच राहतो, त्यांच्या बाबतीत २०२२ साली ब्रिटनमधून आलेल्या ३१६ रुग्णांच्या अभ्यासात लिगामेंट बसवलेला गट स्पष्टपणे पुढे होता. तंत्रातील सुधारणाही याच शस्त्रक्रियेत ठळकपणे दिसते. पंचविशीच्या आतील ६१८ तरुण रुग्णांच्या अभ्यासात, हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या, कंडऱ्यापासून केलेल्या नव्या लिगामेंटला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा पट्टी जोडली, तेव्हा नवे लिगामेंट पुन्हा तुटण्याचे प्रमाण दोन वर्षांत ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले.

इतर सांध्यांबद्दल थोडक्यात लिहिते. खुब्याच्या हाडांची एकमेकांवर टक्कर होणाऱ्या आजारात २०१८ च्या ब्रिटनमधील अभ्यासाने शस्त्रक्रियेच्या बाजूने माफक, पण खरा फरक दाखवला. खांद्यात मात्र हाडाची कड तासून जागा मोकळी करण्याची पूर्वापार चालत आलेली शस्त्रक्रिया २०१८ सालीच ब्रिटन आणि फिनलंड अशा दोन्ही ठिकाणी नुसती दुर्बीण घालून पाहण्यापेक्षा सरस ठरली नाही. नवे तंत्र म्हणजे चांगलेच असणार असे मानणाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला खांद्यातील फुग्याचा अभ्यास पाहावा. खांदा फिरवणाऱ्या कंडऱ्या, म्हणजे रोटेटर कफ, दुरुस्त न होण्याइतक्या फाटल्या असतील तर सांध्यात विरघळणारा फुगा बसवण्याचे तंत्र रूढ होऊ लागले होते. तुलना केल्यावर फुगा न बसवलेले रुग्णच अधिक बरे निघाले आणि तो अभ्यास मध्येच थांबवण्यात आला. व्यवस्थित तुलना झाली नसती तर हे कळलेच नसते.

आता आपल्या गुडघ्याविषयी. गादीविषयी वर सांगितलेले निष्कर्ष झिजेतून आलेल्या साध्या चिरेला लागू आहेत, आणि आपल्या अहवालात तशीच चीर आहे याची खात्री करून घेणे हे पहिले काम आहे. विशेषतः ‘रूट टेअर’ हा शब्द अहवालात आहे का ते पाहा. गादी तिच्या दोन्ही टोकांनी नडगीच्या हाडाला घट्ट रुजलेली असते आणि त्यामुळेच, पिंपाला घातलेल्या लोखंडी कड्याप्रमाणे, वरून येणारा दाब ती स्वतःच्या वर्तुळात पेलून धरते. टोक मुळापासून सुटले तर गादी बाहेर सरकते आणि हाडावर येणारा दाब गादी पूर्ण काढून टाकल्यासारखाच होतो. उकिडवे बसताना किंवा पायरी उतरताना गुडघ्यामागे अचानक ‘कट्’ असा आवाज येऊन तेव्हापासून दुखू लागले असेल, तर ही गोष्ट सर्जनना आवर्जून सांगा, कारण झीज फारशी नसताना हे टोक परत जोडण्याचा विचार वेळेवर करावा लागतो. तसेच गुडघा अडकून सरळच होत नसेल, म्हणजे मध्येच कट्कन अडकून सुटणे नव्हे तर अडकूनच राहणे, तर गादीचा तुकडा सांध्यात उलटलेला असू शकतो; अशा रुग्णांना फिनलंडच्या अभ्यासात घेतलेच नव्हते, त्यामुळे तो निष्कर्ष त्यांना लावता येत नाही.

यांपैकी काही नसेल तर माझे स्पष्ट मत असे आहे की आपण किमान तीन महिने नीट आखलेला व्यायाम करावा. नीट आखलेला म्हणजे खुर्चीत बसून दहा वेळा पाय उचलणे नव्हे. पायरीवर चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळत हळूहळू वाकणे, मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंवर दर आठवड्याला वाढत जाणारे वजन, असा तो असायला हवा. व्यायामानंतर दुखणे थोडे वाढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले तर घाबरण्याचे कारण नाही. सूज आली किंवा दुखणे तसेच राहिले तर व्यायामात उचलायचे वजन कमी करावे, व्यायाम सोडू नये. शरीराचे वजन जास्त असल्यास ते थोडे उतरवल्यानेही गुडघ्यावरचा भार कमी होतो.

तीन-चार महिन्यांनंतरही फरक पडला नाही आणि आपण शस्त्रक्रियेचा विचार केला, तर धोका किती हेही माहीत असावे. इंग्लंडमधील २० वर्षांच्या नोंदींतून, जवळपास सात लाख रुग्णांच्या माहितीवरून, गादी कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत गंभीर गुंतागुंत सुमारे ०.३ टक्के रुग्णांत आढळली. त्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल असा जंतुसंसर्ग आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणे हे प्रमुख प्रकार होते. प्रमाण कमी आहे, म्हणून ही शस्त्रक्रिया धोकादायक आहे असे मी म्हणणार नाही. पण लाभच अनिश्चित असताना लहान धोकाही हिशेबात धरावा लागतो. गुठळी टाळण्यासाठी सर्वांना सरसकट हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शने देण्याचा उपयोग होत नसल्याचे २०१७ च्या नेदरलँड्समधील अभ्यासात दिसले. त्यामुळे पूर्वी कधी आपल्याला अशी गुठळी झाली असेल तर ते सर्जनना आधीच सांगा, आणि शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा दम लागला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.