आईच्या वहीतला हिशेब

पत्र : माझे वय ५४ आहे. आई ८१ वर्षांची असून तिचे हृदय थकले आहे, आणि दोन वर्षांपूर्वी मांडीचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली आहे. रात्री धाप लागते. बुद्धी मात्र लख्ख आहे. उभी हयात तिने गणित शिकवण्यात घालवली. तिच्यासाठी मी नोकरी अर्धवेळ केली. भाऊ दूर राहतो, तो पैसे पाठवतो. गेल्या महिन्यात उशीचा अभ्रा बदलताना एक वही सापडली. डाव्या रकान्यात औषधे, परिचारिका, ऑक्सिजन आणि माझा बुडालेला पगार; उजव्या रकान्यात माझ्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा अंदाजे खर्च; खाली वजाबाकी. त्याच रात्री ती म्हणाली, “काही देशांत डॉक्टर शांतपणे मरू देतात. म्हाताऱ्यांचा भार देशांनाही पेलेनासा झाला आहे. माझी तशी सोय कर.” मी रडले, पण त्याआधी क्षणभर मला सुटल्यासारखे वाटले. त्याची लाज वाटते. तिला काय उत्तर देऊ? तिचे म्हणणे चूक आहे का?

उत्तर :

प्रिय भगिनी,

ज्या क्षणाची तुम्हांला लाज वाटते, त्याविषयी आधी लिहिते. दोन वर्षे रात्रीची झोप मोडणाऱ्या, दिवसाची नोकरी अर्धी सोडणाऱ्या आणि एकटीने सगळे निभावणाऱ्या माणसाला हे संपेल असे ऐकल्यावर हायसे वाटले, तर ते थकव्याचे लक्षण आहे. त्यात आईच्या मरणाची इच्छा शोधू नका. तुम्हांला विश्रांतीची गरज आहे, तिच्याकडे मी शेवटी येते. मात्र तो क्षण एक गोष्ट सांगून जातो, ती विसरू नका : आईच्या या मागणीवर हो किंवा नाही ठरवण्यासाठी तुम्ही आज योग्य व्यक्ती नाही. तुमच्या जागी मी असते, तर मीही नसते.

आता आईचे म्हणणे. ते मी म्हातारपणाची चिडचिड म्हणून बाजूला सारणार नाही. जॉन हार्डविग या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९७ मध्ये जवळजवळ हाच युक्तिवाद मांडला होता : आपले लांबलेले जगणे प्रियजनांचे आयुष्य पोखरत असेल, तर मरणे हे कर्तव्यही ठरू शकते. हा विचार प्रेमातून येऊ शकतो, हे मी मानते. तरीही मला तो पटत नाही. मरणे हे कर्तव्य ठरले, की जगत राहणे ही कसूर ठरते. मग प्रत्येक आजारी माणसाला आपण अजून का आहोत याचे स्पष्टीकरण रोज सकाळी द्यावे लागेल, आणि ते ज्यांना द्यायचे ते लोक म्हणजे ज्यांच्यावर तो सर्वांत जास्त अवलंबून आहे, ते त्याला सांभाळणारेच असतील.

डॉक्टरांच्या साहाय्याने येणाऱ्या मरणाला माझा सरसकट विरोध नाही. ज्याचा आजार बरा होणारा नाही, ज्याच्या यातना शमत नाहीत आणि जो शुद्धीवर राहून, पुन्हा पुन्हा, स्वतःहून तसे मागतो, त्याला नकार देण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. पण या हक्काचा सगळा भार “स्वतःहून” या एका शब्दावर आहे, आणि ज्या देशांनी कायदे केले त्यांनीही तो तिथेच ठेवला आहे. स्वित्झर्लंडच्या १९४२ पासून लागू असलेल्या दंडसंहितेत स्वार्थी हेतूने कोणाला आत्महत्येस मदत करणे हा गुन्हा आहे. हेतू स्वार्थी नसेल तर मदत गुन्हा ठरत नाही, आणि तिथली सारी व्यवस्था याच कलमाच्या आधाराने उभी राहिली. २००२ पासून लागू असलेल्या नेदरलँड्सच्या कायद्यात मागणी स्वेच्छेची आणि पूर्ण विचारांती केलेली असावी लागते, यातना असह्य व सुधारणेची आशा नसलेल्या असाव्या लागतात, दुसरा कोणताही वाजवी मार्ग उरलेला नसावा लागतो आणि एका स्वतंत्र डॉक्टरचे मत घ्यावे लागते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून असा कायदा लागू आहे. तिथे आयुष्य सहा महिन्यांपेक्षा कमी उरल्याचे दोन डॉक्टरांनी सांगावे लागते आणि औषध रुग्णाने स्वतःच घ्यावे लागते. या तिन्ही ठिकाणी तुमच्या आईची वही पुरावा म्हणून पुढे आली असती, तर माझ्या मते ती मागणीच्या विरोधात गेली असती. त्या वहीत आईच्या दुखण्याचा रकानाच नाही. धाप नाही, पाठीवरच्या जखमा नाहीत, जगण्याचा कंटाळा नाही. आहे तो फक्त तुमचा खर्च.

ओरेगॉनची आणखी एक गोष्ट मला नेहमी आठवते. तिथे औषध लिहून घेतलेल्या माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसे ते कधीच घेत नाहीत. दार उघडे आहे एवढे कळणेच अनेकांना पुरते. कारणे विचारली असता बहुतेक जण स्वायत्तता गेल्याचे आणि आवडीची कामे करता येत नसल्याचे सांगतात. कुटुंबावर भार होण्याची भीती चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक बोलून दाखवतात. खर्चाचे कारण सांगणारे थोडे असतात. पण भार हा शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात पैसा किती आणि मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे किती, हे कोणत्या तक्त्यातून कळणार?

देशांना भार पेलत नाही, हे वाक्य आईने ऐकले आणि स्वतःवर ओढून घेतले. हे मला फार लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. हा भाग तिला वाचून दाखवा, गणिताच्या शिक्षिकेला तो कळेल. जग म्हातारे होत आहे, यात शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० मध्ये ६५ वर्षांवरील माणसे सुमारे १६० कोटी असतील. कमावणारे हात कमी आणि सांभाळायची माणसे जास्त, हा पेच खरा आहे. पण आजारी वृद्ध शेवटच्या काळात आरोग्याचा सगळा पैसा खाऊन टाकतात, ही समजूत हिशेबाला टिकत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ देश-प्रदेशांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात आयुष्याच्या शेवटच्या १२ महिन्यांवर होणारा खर्च एकूण वैद्यकीय खर्चाच्या ८.५ ते ११.२ टक्के इतकाच आढळला, आणि ही माणसे सगळ्या वयांची होती. कॅनडाने २०१६ मध्ये साहाय्यित मृत्यू कायदेशीर केला. २०२० मध्ये तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने कायद्याची व्याप्ती वाढवल्यास २०२१ मध्ये एकूण किती बचत होईल, याचा अंदाज काढला, तो १४.९ कोटी कॅनेडियन डॉलर, म्हणजे प्रांतांच्या आरोग्य खर्चाच्या एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी निघाला. खर्च वाचवण्यासाठी हा मार्ग वापरावा असा अर्थ कोणी काढू नये, असे त्याच अहवालात बजावले आहे. असा आकडा काढावा लागतो, याचाच मला त्रास होतो. पण काढलाच आहे तर आईला सांगा, की तिच्या जाण्याने कोणत्याही देशाचे अंदाजपत्रक सावरणार नाही.

ज्या समाजांनी हा पेच गंभीरपणे घेतला, त्यांनी भार वाटून घेतला. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा आणला. त्याने सगळे सुटले असे नव्हे, दोन्हीकडे वर्गणी वाढवत न्यावी लागली आहे. पण प्रश्न कोणाला विचारायचा हे त्यांनी नीट ठरवले : तो वर्गणी भरणाऱ्या सगळ्यांना विचारला, एकट्या अंथरुणावरच्या माणसाला नाही. तुमच्या घरात तो आईला विचारला गेला, कारण बाकी कोणी तो उचलला नाही. वहीतल्या डाव्या रकान्यातली सर्वांत मोठी रक्कम तुमचा बुडालेला पगार असेल, असा माझा अंदाज आहे. आणि तो भावाच्या हिशेबात बहुधा नसेल.

मग तिला काय उत्तर द्यायचे? माझे वडील शेवटच्या आजारात प्रत्येक गोळीची किंमत विचारत. मी दर वेळी म्हणत असे, “तुम्ही पैशांचे बघू नका.” मला ते प्रेमळ उत्तर वाटे. पुढे त्यांनी विचारणेच सोडले, आणि त्याबरोबर इतरही बरेच बोलणे सोडले. म्हणून माझे सांगणे असे, की वही परत उशीखाली ठेवू नका आणि फाडूनही टाकू नका. ती उघडून आईजवळ बसा, खरे आकडे सांगा, तिचा अंदाज कुठे चुकला आहे आणि कुठे बरोबर आहे तेही सांगा. आणि मग एकच प्रश्न विचारा : “यातला एकही पैसा खर्च होत नसता आणि मला रात्रभर झोप मिळत असती, तर तू हेच मागितले असतेस का?” उत्तराची घाई करू नका. ती लगेच “हो” म्हणाली तरी थांबा. दोन दिवसांनी तिला जे सुचेल, ते अधिक खरे असेल.

ती “नाही” म्हणाली, तर काम खर्चाचे आणि झोपेचे आहे. ती “हो” म्हणाली, तर तिला काय सोसवत नाही ते विचारायचे आहे, आणि इथे डॉक्टर हवेत. थकलेल्या हृदयाची धाप, रात्रीची भीती, मोडलेल्या हाडाच्या वेदना यांवर पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे त्रास शमवणाऱ्या उपचारांकडे, पुष्कळ उपाय आहेत. हे उपचार म्हणजे हात टेकणे नव्हे आणि ते फक्त शेवटच्या आठवड्यासाठीही नसतात. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरील २०१० च्या एका अभ्यासात ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, ते अधिक सुखाने तर जगलेच, शिवाय सरासरी सुमारे पावणेतीन महिने जास्त जगले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दरवर्षी ५.६८ कोटी लोकांना या सेवेची गरज असते आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. ज्या जगात वेदना शमवणारे उपचार मिळत नाहीत, तिथे मरणाची मागणी कितपत मोकळी असते, हा प्रश्न मला इच्छामरणाच्या कायद्यापेक्षाही आधीचा वाटतो. याच भेटीत नैराश्याची तपासणीही करून घ्या. म्हातारपणात ते दुःखाच्या रूपाने न येता कधी कधी अशाच थंड हिशेबाच्या रूपाने येते, आणि त्यावर उपचार होतात. ती स्वतःला इजा करण्याविषयी बोलली किंवा औषधे साठवताना दिसली, तर थांबू नका. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

एक गोष्ट मात्र तिच्या हाती आज देता येईल. नको असलेले उपचार नाकारणे हे मरण मागण्याहून वेगळे आहे, आणि तो हक्क अनेक देश मानतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. औषध देऊन मरण घडवणे मात्र इथे बेकायदाच आहे. व्हेंटिलेटर नको, पुन्हा अतिदक्षता विभाग नको, निर्णय कोणी घ्यावा, हे सारे ती लिहून ठेवू शकते. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या हाताने उत्तरे लिहिली, तिला हा कागद स्वतः लिहिता आला तर मागणीतली बरीच धार आपोआप कमी होईल असे मला वाटते.

आता तुमची झोप. भावाला पैशांऐवजी दिवस मागा : वर्षातले ठरावीक आठवडे, तारखांसह. त्याला येता येत नसेल, तर त्या आठवड्यांसाठी परिचारिकेची व्यवस्था त्याने करावी आणि तुम्ही घराबाहेर झोपावे. हे आईला कळू द्या. तुम्ही झिजत आहात ही तिची खरी तक्रार आहे, आणि तिच्यावर उपाय झालेला तिला दिसायला हवा.

डॉक्टरांची वेळ ठरली, की आधी आईला सांगा. त्या दिवशी वही तिच्या हाताशी असू द्या, ते आले की तुम्ही खोलीबाहेर जा आणि दार ओढून घ्या. पहिली पंधरा मिनिटे तिला एकटीला बोलू द्या.