द्राक्षाच्या रसाचे मोती का बिनसले?

प्रश्न : स्पेनचे शेफ फेरान अद्रिया करायचे तसे रसाचे मोती (वरून जेलीचा पातळ पापुद्रा, आत रस) द्राक्षापासून करायला घेतले. रस दाट वाटला म्हणून बोअरचं पाणी घातलं, २५० ग्रॅमला २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट टाकलं, तर नुसत्या गुठळ्या! चुकलं कुठे? आणि असं काम करायला मोठ्या संस्थेतच शिकावं लागतं का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : प्रमाण बरोबर आहे. घात केला पाण्याने आणि आंबटपणाने. अल्जिनेट ही समुद्री शेवाळातून काढलेली पूड. कॅल्शियम भेटलं की ती थिजते. बोअरच्या जड पाण्यात ते आधीच असतं, त्यामुळे मोती पडण्याआधीच भांड्यात थिजणं सुरू होतं. शिवाय रसाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबट) ४ च्या खाली असला की पूड नीट विरघळत नाही, आणि द्राक्षाचा बहुधा असतोच.

आता असं करा. १७० ग्रॅम गाळलेल्या रसात आंबटपणा कमी करणारा क्षार, सोडियम सायट्रेट, चिमूट चिमूट घालून पीएचपट्टीवर ४ च्या वर आणा; जास्त झालं तर रस खारट लागेल. २ ग्रॅम पूड ८० ग्रॅम आरओच्या पाण्यात मिक्सरमधून फिरवून त्या रसात मिसळा. दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, कारण बुडबुडे राहिले की मोती तरंगतात, वेडेवाकडे होतात. ५०० ग्रॅम पाण्यात २.५ ग्रॅम खाण्याचं कॅल्शियम क्लोराइड विरघळवून बिनसुईच्या सिरिंजने थेंब सोडा. मिनिटभरात चहाच्या गाळणीने काढून साध्या पाण्यात धुवा, नाहीतर कडवट लागतात. आणि लगेच वाढा! धुतल्यावरही थिजणं आत सरकत राहतं. थोड्याच वेळात रस संपून जेलीची गोळी उरते.

दह्याचे करायचे तर उलटं : कॅल्शियम दह्यातच असतं, म्हणून ०.५ टक्के अल्जिनेटच्या पाण्यात दही चमच्याने सोडायचं. हे मोती आत पातळच राहतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, असं आमचं मत.

संस्थेचं म्हणाल, तर अद्रिया १९८० साली एका हॉटेलात भांडी घासायला लागले. लष्करी सेवेत नौदलाच्या तळावर स्वयंपाक केला आणि १९८४ साली स्पेनमधल्या रोझेस गावाजवळच्या ‘एल बुयी’ या हॉटेलात रुजू झाले. ‘एल बुयी’चा तिसरा मिशलिन तारा (उत्तम हॉटेलांना मिळणारा मान) १९९७ चा, रसाचे मोती २००३ चे. म्हणजे मधे एकोणीस वर्षं रोजचा स्वयंपाक होता. हॉटेल वर्षातले साधारण सहा महिने बंद ठेवून ते बार्सिलोनाच्या कार्यशाळेत प्रयोग करत, प्रत्येकाची नोंद ठेवत. तुम्हीही दर खेपेला पीएच, वजन आणि मिनिटं वहीत टिपा. पहिल्या पानावर या गुठळ्या येऊ द्या.