वाचकांचे प्रश्न : फाळक्याच्या एका फेऱ्यात किती सूत?

प्रश्न : घरात सूत गुंडाळून मोजण्याचा जुना लाकडी फाळका सापडला. दोन पट्ट्या फुलीसारख्या जोडल्या आहेत, टोकांना चार खुंट्या. समोरासमोरच्या खुंट्यांच्या बाहेरच्या कडांमध्ये 17 इंच भरतात. वर्तुळाच्या हिशेबाने फेरा 53 इंचांवर जातो, पण सूत मोजलं की कमी भरतं. 1924 च्या बेळगाव काँग्रेसने सभासदांसाठी ठरवलेलं महिन्याचं 2000 वार सूत यावर किती फेऱ्यांत होईल? (खानापूर)

उत्तर : फाळका बरोबर आहे, हिशेब चुकला. सूत खुंटीपासून खुंटीपर्यंत सरळ जातं, म्हणून फेरा गोल नसून चौकोनी असतो. कर्ण 17 इंच म्हणजे प्रत्येक बाजू 12 इंच आणि फेरा 4 फूट. खादीच्या जुन्या मापात हाच एक तार. 160 तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे 640 तारांची गुंडी. वर्तुळ धरलंत तर दर गुंडीला सुमारे 96 वार सूत फक्त कागदावर वाढतं.

2000 वार म्हणजे 6000 फूट, म्हणजे 1500 फेरे : दोन गुंड्या, एक लटी आणि वर 60 तार. बेळगावच्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या त्या अधिवेशनानंतर ही अट फार टिकली नाही, 1925 मध्येच सुताऐवजी पैशांत वर्गणी देण्याची मुभा मिळाली. पण महिन्याला दीड हजार फेरे म्हणजे रोज 50, हे ध्यानात घेतलं की अट किती विचाराने घातली होती ते कळतं.

मापात दोन चुका हमखास होतात. सूत एकावर एक चढू दिलं आणि 2 मिलिमीटरचा थर झाला, की प्रत्येक फेरा सेंटिमीटरभर वाढतो. म्हणून तार शेजारी शेजारी पसरत न्या. दुसरी चूक ओढून गुंडाळण्याची. ताणलेलं सूत उतरवताच आखडतं आणि गुंडी आखूड भरते. बोटांतून जेमतेम सरकेल इतकाच ताण पुरे.

प्रश्न : गुंडी उतरवली की गुंतते. (शहापूर)

उत्तर : बांध न घालता उतरवत असाल. प्रत्येक लटी झाली की वेगळ्या रंगाचा दोरा तारांमधून 8 च्या आकड्यासारखा फिरवून सैल बांधा. सुताची दोन्ही टोकं त्याच दोऱ्याला अडकवा. मग काढता-घालता येणारी खुंटी उपसून गुंडी अलगद सरकवा. नव्या सुताचा पीळ जिवंत असतो, म्हणजे सैल सोडताच सूत स्वतःभोवती वळतं, तेव्हा उतरवण्याआधी फाळक्यावरच पाणी शिंपडून पूर्ण वाळू द्या.

प्रश्न : तेच सूत उन्हाळ्यात 20 नंबर आणि पावसाळ्यात 19 का भरतं? (हुदली)

उत्तर : नंबर म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लडी (वरची लटी नव्हे) बसतात तो आकडा; नंबर कमी म्हणजे सूत जाड. ग्रॅममध्ये सोपं सूत्र : वारांना 0.54 ने गुणा, वजनाने भागा. 640 तारांच्या गुंडीसाठी 461 भागिले ग्रॅम. 23 ग्रॅमला 20 नंबर, 24 ग्रॅमला 19. कापूस हवेतला ओलावा शोषतो, आणि आपल्याकडच्या आषाढात एवढा एक ग्रॅम सहज चढतो. सूत जाड झालेलं नसतं. गुंडी कोरड्या खोलीत दिवसभर मोकळी टांगून मगच तोला. एकाच गुंडीवर विसंबू नका, चार तोलून सरासरी काढा. साध्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ग्रॅमची चूकही नंबर बदलते, म्हणून सोनाराकडच्यासारखा बारीक काटा लागेल.