कुपी रिकामी नाही, काकू!

प्रश्न : माझी सून इथल्या एका प्रयोगशाळेत आहे. परवा ‘माणसाचा पीडी-१ रिसेप्टर’ बर्फात घालून आला म्हणाली. फोटोत कुपी तर रिकामीच दिसली! आणि हे माणसातून काढतात का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : काकू, थेट माणसातून नाही काढत. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं, बाहेरचा संदेश घेणारं प्रथिन. त्याचा जनुक बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचईके-२९३ पेशींत घालतात, मग त्या पेशीच तो बनवतात. त्या पेशींची कुळी मात्र १९७३ साली मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातूनच वाढवलेली. पीडी-१ हा टी-पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा ब्रेक. जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९२ मध्ये जाहीर केला, २०१८ चं नोबेलही त्याच वाटेनं आलं. कुपीत त्याचा फक्त पेशीबाहेरचा तुकडा असतो, कारण तो पाण्यात विरघळतो. टोकाला अनेकदा सहा हिस्टिडिनची (हे प्रथिनाचं एक घटक-अमिनो आम्ल) शेपटी असते. ती निकेलला चिकटते, म्हणून बाकीच्या गाळातून प्रथिन वेगळं करता येतं. जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत, ते हिशेबापेक्षा जड दिसलं तर सुनेनं घाबरू नये, वर साखरेच्या साखळ्या असतात.

आता रिकाम्या कुपीचं. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे साखरेच्या दाण्याहूनही कमी! वाळवलेला पापुद्रा काचेला, कधी झाकणाला चिकटलेला असतो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी कुपी सेंट्रीफ्यूजमध्ये (गरगर फिरवून आतलं तळाशी आणणाऱ्या यंत्रात) न फिरवताच उघडली, तीही पंख्याखाली. पापुद्रा कुठे गेला देव जाणे. सर आठवडाभर बोलले नाहीत.

सुनेला सांगा, विरघळवताना खळखळून हलवू नकोस, फेस झाला की प्रथिन बिघडतं. आणि लहान लहान वाटे करून उणे ८० अंशांत ठेव. पुन्हापुन्हा गोठवणं-वितळवणं त्याला सोसत नाही.