कुत्री रस्त्यावरही भांडतातच, मग मालकांनी झुंज लावली तर त्याला क्रूरता का म्हणायचं? आणि ती थांबवायची तरी कशी?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ टाकली आहे, "हे कुत्र्यांच्या रक्तातच असतं." ती वाचून लिहायला बसले. मी पशुवैद्यक आहे, आणि हे वाक्य ज्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं त्यांच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे उत्तर थोडं वाकडं जाईल, चालवून घ्या.

रस्त्यावर दोन कुत्री भिडतात तेव्हा आवाज फार आणि रक्त कमी. गुरगुरणं, दात दाखवणं, मानेवर पाय टाकणं. मग एक जण शेपूट पोटात घालतो, नजर वळवतो आणि कडेकडेने सटकतो. दुसरा बहुतेक वेळा तिथेच थांबतो. त्याला जागा हवी होती नाहीतर हाडूक, ते मिळालं.

झुंजीत ही सटकायची वाटच बंद केलेली असते. चौकोनी रिंगण, चारी बाजूंनी फळ्या, आत समोरासमोर दोन रेषा. एखाद्या कुत्र्याने तोंड फिरवलं की दोघांना ओढून वेगळं करतात, आपापल्या कोपऱ्यात नेतात आणि पुन्हा सोडतात. ज्याने तोंड फिरवलं त्याने आता रेषा ओलांडून दुसऱ्याच्या अंगावर जायचं. नाही गेला तर हरला. हा नियम नीट बघा. कुत्रा मध्येच "पुरे" म्हणतो हे झुंज लावणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यांचा सगळा खेळच त्यावर बेतलेला आहे. एक झुंज तासभर चालते, कधी दोन तासांवरही जाते.

आणि रक्तातच असतं तर आधीची सहा-आठ आठवड्यांची तयारी कशासाठी? ट्रेडमिलवर पळवणं, गळ्यात जड साखळ्या, स्टेरॉइडची इंजेक्शनं, सरावाला एखादं दुबळं कुत्रं किंवा मांजर पुढे टाकणं. समोरच्याला धरायला काही मिळू नये म्हणून कान कापणं. बाकीचं आयुष्य साखळीला, शेजारचा कुत्रा दिसेल पण पोहोचता येणार नाही एवढ्या अंतरावर. माघार घेणाऱ्याला मारून टाकायचं आणि मरेपर्यंत न सोडणाऱ्याची पिल्लं काढायची, हे पिढ्यान् पिढ्या चाललंय. अशा पैदाशीतून काही कुत्र्यांमध्ये इतर कुत्र्यांशी न पटण्याचा कल उतरतो, हे मी नाकारत नाही. तो कल माणसाने पैजेसाठी जोपासला. त्याचं खापर कुत्र्यावर फोडायचं ही हद्द झाली.

आता माझी गोष्ट. नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता. रात्री दवाखाना बंद करायच्या वेळेला दोघं जण चादरीत गुंडाळून एक कुत्रा घेऊन आले. "मॅडम, गाडीखाली आलाय." तांबूस रंग, आखूड केस, रुंद डोकं. टेबलावर घेतला. गाडीने उडवलेल्या कुत्र्याची नखं रस्त्यावर घासून फाटलेली असतात, अंग खरचटलेलं असतं, केसांत ऑइल नाहीतर खडी सापडते, बरेचदा कंबरेचं हाड मोडलेलं असतं. याची नखं जशीच्या तशी. मागचा भाग धडधाकट. जे काही झालं होतं ते पुढे, तोंडावर, कानामागे, पुढच्या दोन्ही पायांना आणि छातीवर. आणि अंगाला साबणाचा वास.

तेव्हा मला कळेना, रक्तबंबाळ कुत्र्याला आंघोळ कशी घातलेली. नंतर समजलं. झुंजीआधी समोरच्या पार्टीचा माणूस कुत्र्याला धुतो, केसांना विष किंवा गुंगीचं औषध चोळलेलं असू नये म्हणून. एकमेकांवर एवढा विश्वास असलेली ही मंडळी!

छातीवरची भोकं बाहेरून करंगळीचं टोक जाईल एवढीच होती. आत बोट घातलं तर ते आडवं सरकतच गेलं. कातडी मांसापासून सुटून आत पोकळी झाली होती. चावा घेऊन कुत्रा मान झटकतो तेव्हा हे होतं. वर एक ठिपका आणि आत चिंधड्या. अशी जखम नुसती शिवून चालत नाही, आत पू धरतो. उघडायची, धुवायची, मेलेलं मांस काढायचं, आतला स्राव बाहेर यायला नळी (ड्रेन) ठेवायची. म्हणूनच झुंजीतली कितीतरी कुत्री रिंगणात मरत नाहीत. रक्तस्राव, शॉक नाहीतर जंतुसंसर्गाने काही तासांनी, काही दिवसांनी मरतात. तोवर पैजेचे पैसे वाटून झालेले असतात.

तोंडावर जुने व्रण होते, पांढुरके, एकावर एक. डाव्या खांद्यावर एक जुनी जखम जाड निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली होती, पोती शिवायचा असतो तसला. दोरा काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं, कातडी त्याच्यावरून वाढली होती.

मी सुई टोचत होते आणि तो शेपूट हलवत होता. लोकांना हे खरं वाटत नाही. पण रिंगणात माणसं कुत्र्यांना हाताने ओढतात, जबड्यात लाकडाची पाचर घालून पकड सोडवतात. (जबड्याला आतून कुलूप लागतं ही थाप आहे, तसलं काही नसतं.) माणसाला चावणारा कुत्रा त्यांच्या कामाचाच नाही. त्यामुळे झुंजीतली बरीच कुत्री माणसांशी अगदी गरीब असतात.

मालक म्हणवणाऱ्याने मला एकच प्रश्न विचारला. "सुळा वाचेल ना?"

दवाखाना आमच्या सरांचा. त्यांच्या हाताला यश होतं, शस्त्रक्रिया मी त्यांच्याकडेच शिकले, तेव्हा पुढे जे लिहितेय ते त्यांच्या कौशल्याबद्दल नाही. मी केसपेपरवर लिहिलं, "चाव्याच्या जखमा, जुन्या व ताज्या, झुंजीचा संशय." सरांनी वाचलं. म्हणाले, "नुसतं 'जखमा' लिही." मी खोडलं नाही. ती दोघं गेल्यावर सर म्हणाले, "अगं, आपण डॉक्टर आहोत, पोलीस नाही. हे कुत्र्यांच्या रक्तातच असतं. आज आपण ओरडलो तर झुंजी थांबणार आहेत का? उलट उद्यापासून ही माणसं कुत्री आणायचीच बंद करतील, घरी दाभणाने शिवतील. मग कुत्र्याचं भलं झालं का?"

मी म्हटलं, "सर, घरी शिवलेलं आत्ताच बघितलंत की. तेव्हा तर मी काही लिहिलं नव्हतं."

सर हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी मी पोलिसांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, झुंज कुठे झाली, कधी झाली? माझ्याकडे फक्त जखमा होत्या. कुत्र्याच्या मालकाने दिलेला नंबर लागेना. टाके काढायला कोणी आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं सर नव्या मुलांना हे उदाहरण देत, "हिच्या केसपेपरमुळे एक पेशंट तुटला."

सर, तुम्ही हे वाचत असाल तर माझं उत्तर असं आहे. ब्रिटनने १८३५ मध्ये कायदा करून बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ आणि कुत्र्यांच्या झुंजी दोन्ही बंद केलं. बैलाचा खेळ उघड्यावर, शेकडो लोकांसमोर चालायचा, तो लपवता येईना, म्हणून मेला. झुंज तळघरात मावते. ती टिकली, उलट फोफावली, आणि बुलडॉग आणि टेरियरच्या संकरातून त्यासाठी वेगळी कुत्री तयार केली गेली. पोलीस तळघरात सहसा नसतात. पण तिथून बाहेर पडलेला कुत्रा कोणाच्या तरी टेबलावर येतो. त्या टेबलाजवळचा माणूस "नुसतं जखमा लिही" म्हणाला की झुंज लावणाऱ्याला हवा असलेला दुरुस्तीचा कारखाना त्याला फुकट मिळाला. अमेरिकेतल्या काही राज्यांत पशुवैद्यकाने असा संशय कळवणं सक्तीचं आहे, ते उगाच नाही. एका केसपेपरने काही सिद्ध होत नसेल, पण त्याच मालकाचा तिसरा कुत्रा तसल्याच जखमा घेऊन आला की पहिले दोन कागद बोलायला लागतात. ते लिहिलेलेच नसतील तर?

सरांचं दुसरं म्हणणं असं की सोडवलेली कुत्री शेवटी मारूनच टाकावी लागतात, मग एवढा खटाटोप कशाला. यावर मायकल विकचं प्रकरण पुरेसं आहे. अमेरिकन फुटबॉलमधला मोठा खेळाडू. २००७ मध्ये व्हर्जिनियातल्या त्याच्या मालमत्तेवर छापा पडला, सुमारे पन्नास कुत्री सापडली. नीट न लढणाऱ्या कुत्र्यांना फासावर लटकवून, पाण्यात बुडवून मारल्याचं समोर आलं. त्याला २३ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थासुद्धा म्हणत होत्या की ही कुत्री संपवा, यांचं काही होणार नाही. कोर्टाने प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी करायला लावली, आणि बहुतेक सगळी वाचली. २२ कुत्री युटामधल्या बेस्ट फ्रेंड्स या प्राणिसंस्थेच्या आश्रयस्थानात गेली, बरीचशी घरांत रुळली, एक-दोन तर पुढे थेरपीची कुत्री म्हणून आजारी माणसांना आणि मुलांना भेटायला जायला लागली. काही जन्मभर बुजरी राहिली. बुजरेपणा, लक्षात घ्या. बहुतेकांत हिंसकपणा नव्हता.

विशिष्ट जातींवर बंदी घालून हे थांबतं असं मला वाटत नाही. ब्रिटनने १९९१ मध्ये पिटबुलसह चार जातींवर बंदी घातली, तिथे झुंजी आजही पकडल्या जातात. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्र काढलं, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. कुत्र्याची जात बदलायला झुंज लावणाऱ्याला कितीसा वेळ लागतो?

राहिला तुमचा "थांबवायची कशी" हा भाग. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. कलम ११ खाली प्राण्यांना झुंजायला चिथावणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास. एवढ्यात त्या कुत्र्याच्या छातीवरचा एक टाकाही होणार नाही. २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोर पाळायला सांगितलं, दंडाचा आकडा मात्र तिथेच आहे. हा कायदा बदलल्याशिवाय झुंजी कायमच्या जाणार नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

तोवर एक गोष्ट उपयोगी पडते, जी मला त्या वेळी कोणी सांगितली नव्हती. नुसतं चिथावणं दखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्यात, येत नाही. झुंजीसाठी जागा चालवणं, जागा देणं, बघायला येणाऱ्यांकडून पैसे घेणं हे ११(१)(एन) मध्ये येतं आणि ते दखलपात्र आहे. म्हणून तक्रारीत जागा, वार, वेळ आणि पैसे कोण गोळा करतं हे आधी लिहा, कुत्र्यांचे हाल नंतर. कुत्रा मेला किंवा जायबंदी झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावा म्हणावं, तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. १९६० च्या कायद्याखाली खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, त्यामुळे "बघू, पुढच्या वेळी" करू नका. झुंज चालू असताना समजलं तर ११२.

हे वाचून कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या ओरखड्यावरून पोलिसांकडे धावू नये. एका घरात दोन कुत्री असली तरी कधी वाईट भांडतात आणि छातीला भोकं पडतात. चाव्यातून पसरणारा बबेसिया गिब्सोनी हा रक्तातला परजीवी झुंजीच्या कुत्र्यांत बऱ्याचदा सापडतो, पण आपल्याकडे तो गोचिडांमुळेही होतो, तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे पुरावा झाला असं नाही. संशय यायला जुने-नवे व्रण, जखमांची जागा आणि मालकाची न जुळणारी गोष्ट हे सगळं एकत्र लागतं. आणि सरांची भीती अगदीच खोटी नव्हती, काही माणसं कुत्री आणायचं खरंच बंद करतात. म्हणून मी आधी उपचार करते, मग लिहिते, मग कळवते, आणि समोरच्याला तोंडावर काहीही विचारत नाही.

तुम्हीही एकट्याने तिथे शूटिंग करायला जाऊ नका, तिथे पैसा लावलेली माणसं असतात. कोणी पाठवलेला व्हिडिओ हाताशी आला तर मूळ फाइल पोलिसांना द्या आणि ग्रुपवर पुढे ढकलू नका; जिंकलेल्या कुत्र्याची पिल्लं तसल्याच व्हिडिओंवर विकली जातात.