स्वयंपाकघरात अडकलेला बाप

चि. दोस्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझी लग्नघराची संहिता दोनदा वाचली. विनोद भरपूर आहेत, पण मामाचा विनोद काकाच्या तोंडी घातला तरी काही बिघडत नाही. तिथेच गोची आहे. पुढचा खर्डा करण्याआधी व्हिन्सेंटी मिनेली या दिग्दर्शकाचा १९५० सालचा 'फादर ऑफ द ब्राइड' बघ. १९९१चा, स्टीव्ह मार्टिनवाला, नंतर कधीतरी.

सुरुवातीलाच लग्न उरकलेलं आहे. घरभर पसारा, आणि नवरीचा बाप झालेला स्पेन्सर ट्रेसी बूट काढून, पाय चोळत आपल्याशी बोलायला लागतो. लग्न होणार की नाही, ही उत्सुकताच लेखकांनी उधळून टाकली. उरतं एवढंच, की या माणसाची अशी दशा कशाने झाली?

मग साखरपुड्याच्या पार्टीचा प्रसंग थांबून थांबून बघ. बापाने भाषण तयार ठेवलंय, मार्टिनी कॉकटेलही आधीच करून ठेवलंय. पाहुण्यांना नेमकं दुसरंच काहीतरी हवं असतं, प्रत्येकाला वेगळं. झालं! यजमान स्वयंपाकघरात ग्लास भरत बसतो, बाटल्या फसफसून अंगावर उडतात, आणि भाषण राहून जातं. आपण पोट धरून हसतो, पण स्वतःच्याच घरात तो परका होत चाललाय हेही दिसत असतं. स्वतःच्या लग्नातला जुना कोट अंगावर उसवतो, तिथेही तेच.

आदल्या रात्रीचं दुःस्वप्न मात्र निराळंच. चर्चमधली फरशी रबरासारखी ताणली जाते, पाय रुततात, कपड्यांच्या चिंध्या होतात. हलक्याफुलक्या चित्रपटात एवढं भेसूर दृश्य घालायला धाडस लागतं.

(लेकीचं काम करणाऱ्या एलिझाबेथ टेलरचं खरं लग्नही मे १९५०मध्येच झालं, आणि दोन्ही लग्नांचे पोशाख हेलन रोझचेच. स्टुडिओला आणखी काय हवं होतं! पण तू त्या गप्पांत रमू नकोस.)

शेवटी गर्दीतून वाट काढेपर्यंत लेक निघून गेलेली असते. निरोप होतो तो फोनवर, ती स्टेशनवरून बोलते तेव्हा.

आता तुझा तिसरा प्रवेश काढ. तिथे बाप मुलीला जवळ घेऊन पानभर बोलतो. ते पान फाड. त्या वेळी त्याला केटररचा हिशेब करायला पाठव, आणि नवा खर्डा पंधरवड्यात मला दे.